करार म्हणे आपोआप रिन्यू झाला, आणि लॉक-इनही पुन्हा सुरू? (लिव्ह अँड लायसन्स, पुणे)

तिसरा_मजला
९ सप्टेंबर २०२५, रात्री १०:५२

मंडळी, डोकं तापलंय, तेव्हा लांबण लागली तर सांभाळून घ्या.

वारज्यात १ ऑगस्ट २०२४ पासून भाड्याने राहतो. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, रीतसर नोंदवलेला. एजंटकडचा मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच आला होता. लेक कडेवर रडत होती, त्यामुळे "मॅडम इथे अंगठा, आता कॅमेऱ्याकडे बघा" एवढंच ऐकलं. वाचलं काहीच नाही. चूक माझी, आधीच कबूल करते.

भाडं २४,०००, डिपॉझिट १ लाख. करार ३० जून २०२५ ला संपला. जूनमध्ये मीच एजंटला फोन केला होता की नवा करार कधी करायचा. तो म्हणाला, "ताई, आपल्या करारात ऑटो रिन्यूअल आहे. उगाच परत दोन-तीन हजार कशाला घालवता? जुलैपासून दहा टक्के वाढवून पाठवत जा, बस." मला वाटलं, वा, पैसे वाचले. जुलैपासून २६,४०० पाठवतेय.

आता नवऱ्याची नागपूरला बदली झाली. ३० ऑगस्टला मालकांना व्हॉट्सअ‍ॅप केलं की ३० सप्टेंबरला घर सोडतोय. मालक वयस्कर आहेत, साताऱ्याला असतात. "ठीक आहे ताई, एजंटशी बोलून घ्या" एवढंच म्हणाले. एजंट म्हणतो, करार आपोआप रिन्यू झाला म्हणजे सगळ्या अटी नव्याने लागू, सहा महिन्यांचं लॉक-इनसुद्धा. ३१ डिसेंबरच्या आत गेलात तर ऑक्टोबर ते डिसेंबरचं भाडं कापून उरलेलं डिपॉझिट मिळेल. म्हणजे ७९,२०० गेले. हातात २०,८०० आणि त्यातून रंगाचे वेगळे!

असं खरंच असतं का? करार "आपोआप" रिन्यू होतो?

गावकुस
९ सप्टेंबर, रात्री ११:२०

सोप्पं आहे. सप्टेंबरचं भाडं देऊच नका. डिपॉझिटमधून वळतं करा म्हणावं. पुण्यात निम्मे लोक हेच करतात.

चिंगी
९ सप्टेंबर, रात्री ११:३४

गावकुस +१. एजंट लोक ताई-ताई करून गळा कापतात.

खर्डेघाशी
१० सप्टेंबर, सकाळी ७:१५

गावकुस, असले सल्ले देऊ नका हो. भाडं थकवलं की समोरच्याच्या हातात खरं कारण जातं. आज त्यांची बाजू लंगडी आहे, तिला कुबडी कशाला देता?

तिसरा_मजला, सल्ल्याआधी एक काम करा. नोंदवलेल्या कराराची पीडीएफ काढा (एजंटने पाठवलेला मसुदा नको, नोंदणी क्रमांक असलेली प्रत) आणि त्यातले नूतनीकरण, लॉक-इन आणि ताबा या तीन विषयांचे मुद्दे शब्दशः इथे टाका. "ऑटो रिन्यूअल आहे" हे एजंटचं वाक्य झालं. कागद काय म्हणतो ते बघू.

शंकासुर
१० सप्टेंबर, सकाळी ९:०२

मी वाईटपणा घेतो. तुम्ही जुलैपासून दहा टक्के वाढवून भाडं दिलंत. म्हणजे रिन्यूअल मान्य केलंत. फायद्याची अट पाळायची आणि तोट्याची आली की "मी वाचलंच नव्हतं" म्हणायचं, हे कोर्टात कसं चालेल? मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ११६ मध्येसुद्धा आहे की मुदतीनंतर मालकाने भाडं स्वीकारलं तर भाडेपट्टा पुढे चालू राहतो.

खर्डेघाशी
१० सप्टेंबर, सकाळी ९:४०

११६ भाडेपट्ट्याला लागतं. इथे परवाना आहे, म्हणजे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातलं कलम ५२. परवान्याने जागेत हक्क निर्माण होत नाही, नुसती वापरायची मुभा मिळते. महाराष्ट्रातला सगळा लिव्ह अँड लायसन्सचा डोलारा याच फरकावर उभा आहे. आणि गंमत बघा, ११६ लावलं तरी निवासी जागेला ते महिन्या-महिन्यानेच पुढे नेतं. लॉक-इन तिथेही मिळत नाही.

पण तुमचा पहिला मुद्दा दमदार आहे. कागद येऊ द्या.

क्वीन्सकर
१० सप्टेंबर, सकाळी १०:१८

न्यूयॉर्कमध्ये माझं अगदी हेच झालं होतं, म्हणून राहवत नाही. एक वर्षाचा लीज, त्यात ओळ की साठ दिवस आधी कळवलं नाही तर आणखी एक वर्ष. मी विसरलो. ऑफिसने टेक्सासला पाठवायचं ठरवलं आणि मॅनेजमेंटवाल्यांनी उरलेल्या दहा महिन्यांचं भाडं मागितलं.

शेजारच्या गुजराती काकांनी सांगितलं म्हणून कळलं. तिथल्या जनरल ऑब्लिगेशन्स लॉ मध्ये ५-९०५ असं कलम आहे. भाडेकरूने कळवायची जी शेवटची तारीख असेल, तिच्या १५ ते ३० दिवस आधी मालकाने स्वतः लेखी कळवायचं, हातात देऊन किंवा रजिस्टर्ड वा सर्टिफाइड पोस्टाने, की बाबा रे, तुझ्या लीजमध्ये आपोआप वाढीची अट आहे. नाही कळवलं तर ती अट चालतच नाही. मी विचारलं, "तुमचं पत्र कुठंय?" दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी "आपण समजुतीने मिटवू".

चिंगी
१० सप्टेंबर, सकाळी १०:२५

आली अमेरिका! अजून कशी आली नाही म्हणत होते.

क्वीन्सकर
१० सप्टेंबर, सकाळी १०:३१

:) हो, पण तत्त्व बघा ना. तिथल्या कायद्याने धरलंय की भाडेकरू विसरणारच, आणि त्या विसरण्यावर मालकाने कमवायचं नाही. कॅलिफोर्नियात तर छपाईचासुद्धा नियम आहे. आपोआप वाढीची अट किमान ८ पॉइंटच्या ठळक अक्षरात हवी आणि करारात अशी अट आहे हे सहीच्या बरोबर वर पुन्हा लिहिलेलं हवं. नसेल तर ज्याने करार बनवला नाही तो पक्ष ती अट रद्द ठरवू शकतो.

अकरामहिने
१० सप्टेंबर, दुपारी १२:०५

आपल्याकडे सहीच्या वर आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा असतो. अक्षर सगळं सारखंच बारीक.

तिसरा_मजला
१० सप्टेंबर, रात्री ९:४५

पीडीएफ सापडली. १४ पानं आहेत, पैकी पाच आमचे फोटो आणि ठसे. नोंदवलेल्या प्रतीतच आहे हे सगळं. जसंच्या तसं टाइप करते, चुकांसकट ("लिहून घेणार" म्हणजे आम्ही, "लिहून देणार" म्हणजे मालक):

मुद्दा ४: "सदर परवान्याची मुदत दि. ०१/०८/२०२४ पासून दि. ३०/०६/२०२५ पर्यंत ११ महिने राहील. पैकी दि. ०१/०८/२०२४ ते दि. ३१/०१/२०२५ हा कालावधी लॉक-इन राहील व त्यादरम्यान उभय पक्षांस करार संपुष्टात आणता येणार नाही. त्यानंतर एक महिन्याची लेखी पूर्वसूचना देऊन करार संपुष्टात आणता येईल."

मुद्दा १६: "मुदत संपताच लिहून घेणार हे जागेचा शांततापूर्ण रिकामा ताबा लिहून देणार यांस देतील. न दिल्यास दुप्पट दराने नुकसानभरपाई देण्यास पात्र राहतील."

मुद्दा १९: "लिहून घेणार यांनी मुदत संपण्यापूर्वी एक महिना लेखी न कळविल्यास सदर कराराचे पुढील ११ महिन्यांकरिता त्याच अटी शर्तींवर व मोबदल्यात १०% वाढीसह आपोआप नुतणीकरण झाले असे समजण्यात येईल."

म्हणजे आहे ना हो आपोआप? :(

चिंगी
१० सप्टेंबर, रात्री ९:५८

नुतणीकरण! ज्याला शब्द लिहिता येत नाही तो ते आपोआप करणार.

शंकासुर
१० सप्टेंबर, रात्री १०:१०

१९ स्पष्ट आहे. "त्याच अटी शर्तींवर". अटींमध्ये लॉक-इन आलं. वाईट वाटतं, पण वाचन असंच होतं.

खर्डेघाशी
१० सप्टेंबर, रात्री ११:३०

नाही होत, शंकासुर. मुद्दा ४ पुन्हा वाचा. "पहिले सहा महिने लॉक-इन" असं लिहिलं असतं तर तुमचं म्हणणं मी मानलं असतं. इथे तारखा आहेत. ०१/०८/२०२४ ते ३१/०१/२०२५. "त्याच अटी" म्हणजे याच तारखा. त्या जानेवारीतच संपल्या. जुलै ते डिसेंबर २०२५ असं लॉक-इन या कागदात कुठेच नाही, ते एजंटच्या डोक्यात आहे. आणि त्याच मुद्द्यात पुढे एक महिन्याच्या पूर्वसूचनेची सोय आहे. ती ताईंनी दिली. म्हणजे १९ जसाच्या तसा मान्य केला तरी ७९,२०० निघत नाहीत.

आता १६ आणि १९ शेजारी ठेवा. एक म्हणतो मुदत संपताच निघा, नाहीतर दुप्पट. दुसरा म्हणतो गप्प बसलात तर राहा. दोन वेगळ्या करारांमधून कात्री चालवून एक कागद शिवलाय. मी एका वकिलांकडे अकरा वर्षं टंकलेखन केलं आहे, असले शिवलेले करार रोज येत. कुणी नमुना म्हणून घेतो, दुसरा त्यात एक ओळ घालतो, तिसरा ती न वाचता छापतो.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं कलम ५५. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरायच्या. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुलै २०२५ पासूनचा नोंदवलेला कागद कुठे आहे? १ जुलै ते ३१ मे २०२६ या मुदतीवर मुद्रांक कुणी भरला? शंकासुर म्हणतील मूळ करार नोंदवलेला आहे आणि १९ त्यातच आहे. वाद घालता येईल, नाही म्हणत नाही. पण मुद्रांक भरला तो ११ महिन्यांचा, आणि पुढच्या ११ महिन्यांसाठी आज ना मालकाचा अंगठा आहे ना ताईंचा.

मालकीणबाई
११ सप्टेंबर, सकाळी ६:५०

ठाण्यात माझे दोन फ्लॅट भाड्याने आहेत, तेव्हा मालकांच्या बाजूने बोलते. शहाणा मालक आपल्या करारात आपोआप रिन्यूअल कधीच घालणार नाही! त्यात मरण मालकाचंच आहे.

कसं ते सांगते. आम्हाला त्याच १९९९ च्या अधिनियमातल्या कलम २४ चं मोठं कवच आहे. परवान्याची मुदत संपली आणि माणूस निघाला नाही, तर दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं घासत बसावं लागत नाही. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. तिथे समोरच्याला बाजू लढवायलासुद्धा आधी परवानगी मागावी लागते. करारात लिहिलेल्या गोष्टींना तो लेखी करारच निर्णायक पुरावा मानतात. ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने भरपाई. मुद्दा १६ मधलं "दुप्पट" तिथूनच आलंय. पण या सगळ्याची किल्ली एकच, मुदत संपलेली असायला हवी. आणि ती संपली हे माझ्या कागदावरच्या तारखेने दिसायला हवं. "आपोआप पुढे चालू" लिहिलं की मी माझ्याच हाताने किल्ली विहिरीत टाकली. उद्या भाडेकरू म्हणेल, मुदत संपलीच नाही बाई, तुमचाच मुद्दा १९ बघा.

म्हणून माझ्याकडे दर अकराव्या महिन्याला नवा करार. भाडेकरू तोच असला, चहाला घरी येणारा असला तरी.

खर्डेघाशी
११ सप्टेंबर, सकाळी ८:०५

मालकीणबाई, लाखमोलाचं बोललात. हाच मुद्दा ताईंनी एजंटसमोर ठेवावा. मुदत संपली असेल तर लॉक-इन नाही. संपली नसेल तर मालकांचा कलम २४ चा हक्क त्यांनीच लांबवला. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाही.

अकरामहिने
११ सप्टेंबर, सकाळी ११:२०

ही भीती जुनी आहे. आमचे आजोबा गिरगावात राहायचे, त्यांच्याकडून ऐकलेलं. १९४७ चा मुंबई भाडे कायदा भाडेकरूंना संरक्षण द्यायचा, म्हणून मालकांनी "भाडेकरू नव्हे, परवानाधारक" अशी पळवाट काढली. मग १९७३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर जो जागेत होता तो कायद्याने भाडेकरू ठरला. रात्रीत. ज्यांनी चार महिन्यांसाठी म्हणून खोली दिली त्यांची खोली गेली. त्यानंतर दोन पिढ्या मालक घरं कुलूपबंद ठेवायला तयार, भाड्याने द्यायला नाही. ११ महिन्यांचं वेड, दर वेळी नवा करार, मध्ये दोन दिवस घर रिकामं केल्याचं नाटक, हे सगळं त्या धसक्याचं. २००० साली नवा कायदा लागू झाला तरी धसका उतरला नाही.

अवांतर: आमच्या सोसायटीत एक जण अजूनही करार संपला की भाडेकरूकडून एक दिवस किल्ली मागून घेतो आणि दुसऱ्या दिवशी परत देतो. सामान आतच.

नम्मा_पुणेकर
११ सप्टेंबर, दुपारी १:१०

बेंगळुरूत ११ महिन्यांचं कारण वेगळं. नोंदणी कायद्यात एक वर्षावरचा भाडेपट्टा नोंदवायला लागतो, म्हणून ११. मग स्टॅम्प पेपरवर टाइप करून सह्या, झालं. नोंदणी नाही. तिथून पुण्यात आलेले लोक इथेही तेच समजतात. महाराष्ट्रात ११ असो की ६, लिव्ह अँड लायसन्स नोंदवायलाच लागतो.

जुना_सेक्रेटरी
११ सप्टेंबर, दुपारी ४:३५

सोसायटीच्या बाजूने. ३० जूननंतर तुमच्या सोसायटीने नव्या कराराची प्रत आणि पोलीस पडताळणी मागितली नाही हेच आश्चर्य. आमच्याकडे करार संपला की वॉचमनच विचारतो. एकदा एक जण "ऑटो रिन्यूअल" सांगत आला. मी म्हटलं, छान, त्याची इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) द्या. गेला तो परत आलाच नाही, नवा करार घेऊन एजंट आला.

तिसरा_मजला
११ सप्टेंबर, रात्री १०:१५

आमचा सेक्रेटरी सध्या लेकीकडे आहे, म्हणून कुणी विचारलं नसेल. :)

एक आठवलं. जुलैत नवऱ्याच्या ऑफिसने एचआरएसाठी (घरभाडे भत्ता) करार मागितला तेव्हा जुना दिला तर परत पाठवला, मुदत संपलेली म्हणून. तेव्हाच शंका यायला हवी होती. आणि एजंटने जे "दोन-तीन हजार वाचवले" त्याचा हिशेब कुणी सांगेल का?

खर्डेघाशी
११ सप्टेंबर, रात्री १०:५०

घ्या. २६,४०० गुणिले ११ म्हणजे २,९०,४००. १ लाख डिपॉझिटवर वर्षाला १०% धरून ११ महिन्यांचं व्याज ९,१६७. बेरीज २,९९,५६७. त्याचा पाव टक्का मुद्रांक, ७४९ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. म्हणजे पावणेदोन हजाराच्या आसपास सरकारात, बाकी एजंटची हमाली. मालक-भाडेकरू अर्धे-अर्धे करतात तेव्हा तुमच्या वाट्याला हजारही आले नसते.

वाळवंटी
१२ सप्टेंबर, सकाळी १०:४०

दुबईहून. इथे उलटा प्रकार आहे, म्हणजे आपोआप पुढे जाणं कायद्यातच आहे. २००७ चा २६ क्रमांकाचा कायदा सांगतो की मुदत संपल्यावर भाडेकरू राहिला आणि मालकाने हरकत घेतली नाही, तर तेवढ्याच काळासाठी किंवा एक वर्षासाठी, यातलं जे कमी असेल तेवढं, जुन्याच अटींवर चालू. कुणाला भाडं किंवा अटी बदलायच्या असतील तर ९० दिवस आधी कळवायचं, करारात वेगळं ठरलं नसेल तर. माझ्या मालकाने एकदा ५२ दिवस आधी मेल टाकला की भाडं वाढवतोय. मी नम्रपणे ९० चा आकडा दाखवला. ते वर्ष जुन्या भाड्यात गेलं. पुढल्या वर्षी त्याने ९१व्या दिवशी सकाळी सातला मेल टाकला.

टोरोंटोची_थंडी
१२ सप्टेंबर, सकाळी ११:३०

ओंटारिओतही मुदत संपली की भाडेकरार आपोआप चालू, पण महिन्या-महिन्याने. नव्या वर्षभराच्या करारावर सही करा म्हणून मालक भाग पाडू शकत नाही. निघायचं तर ६० दिवसांची नोटीस. ती मात्र मोजून, भाड्याच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाला जुळवून. माझ्या बहिणीची ती एका दिवसाने चुकली आणि एक महिना जास्त भरला.

शंकासुर
१२ सप्टेंबर, दुपारी १२:१५

म्हणजे आपोआप पुढे जाणं वाईट नाही. कुणाला बांधून ठेवतं ते महत्त्वाचं. दुबई, ओंटारिओत त्याने भाडेकरूचं छप्पर टिकतं. क्वीन्सकरांच्या आणि ताईंच्या कागदात त्याच शब्दांनी भाडेकरूचा पाय अडकतो. मुद्दा १९ पुन्हा वाचला. कळवायची सक्ती फक्त "लिहून घेणार" यांना. मालकाला नको असेल तर त्याने कधी कळवायचं, एक शब्द नाही. तारखांचा मुद्दाही माझ्या नजरेतून सुटला होता. शस्त्रं खाली.

चिंगी
१२ सप्टेंबर, दुपारी १२:१८

तारीख लिहून ठेवा रे कुणीतरी. शंकासुर मान्य करतोय.

खर्डेघाशी
१२ सप्टेंबर, दुपारी २:००

ताई, आता करायचं काय ते. एजंट या करारात पक्षकार नाही. त्याच्याशी वाद घालू नका. मालकांना थेट लिहा, मराठीत, साधं. ३० ऑगस्टच्या निरोपाची आठवण, मुद्दा ४ च्या तारखा, एक महिन्याची पूर्वसूचना दिली आहे, ३० सप्टेंबरला ताबा देतोय, डिपॉझिट त्याच वेळी द्यावं. व्हॉट्सअ‍ॅपही करा आणि स्पीड पोस्टही, कारण करारात "लेखी" शब्द आहे. सप्टेंबरचं भाडं वेळेवर भरा. कायदा, कलम, कैद यातलं काही पहिल्या पत्रात नको. साताऱ्याच्या म्हाताऱ्या माणसाला तुरुंगाची भीती घातलीत की तो मुलाला फोन करतो, मुलगा वकिलाला करतो, आणि सरळ काम तिरकं होतं.

मालकीणबाई
१२ सप्टेंबर, दुपारी ३:२०

आणि किल्ली देताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, मीटरचं रीडिंग, शेवटचं वीजबिल, सगळं त्यात. किल्ली एजंटला देऊ नका, मालकांना किंवा त्यांनी लेखी सांगितलेल्या माणसाला द्या. ताबा दिल्याची दोन ओळींची पावती दोघांच्या सहीने.

गावकुस
१२ सप्टेंबर, संध्याकाळी ६:४५

मी अजूनही म्हणतो, सप्टेंबरचं भाडं...

खर्डेघाशी
१२ सप्टेंबर, संध्याकाळी ६:४७

नको.

तिसरा_मजला
४ ऑक्टोबर, रात्री ११:०५

नागपूरहून लिहितेय. उशीर झाला, सामान अजून खोक्यांत आहे.

पत्र पाठवलं. चौथ्या दिवशी मालकांचा स्वतःहून फोन. म्हणाले, "ताई, हे मुद्दा १९ काय आहे? मी तर वाचलंच नाही. तो पोरगा म्हणाला इथे अंगठा, मी दिला." मी म्हटलं, काका, मीपण! दोघंही हसलो. मग त्यांनी खरं ते सांगितलं. एजंट त्यांना म्हणाला होता की भाडेकरू मध्येच पळतायत, नवा माणूस मिळेपर्यंत तीन महिने जातील, तेव्हा कापून घ्या. आणि नव्या भाडेकरूची दलाली तो वेगळी घेणारच होता.

३० तारखेला काका स्वतः साताऱ्याहून एसटीने आले. खोल्या बघितल्या, लेकीने भिंतीवर काढलेला हत्ती बघितला, काही बोलले नाहीत. ९३,००० तिथेच ट्रान्सफर केले. ७,००० रंगाचे. हत्ती मोठा होता, मी वाद घातला नाही. जाताना लेकीच्या हातात कंदी पेढ्यांचा पुडा दिला.

आता खरी गंमत. परवा इथल्या घराचा करार झाला. इथलाही एक मुलगा लॅपटॉप आणि यंत्र घेऊन आला. मी म्हटलं, थांब, आधी वाचते. तो म्हणाला, "मॅडम, कोणी वाचत नाही, वीस मिनिटांत होऊन जाते." मी चहा टाकला, त्यालाही दिला आणि वाचत बसले. मुद्दा २१. "...आपोआप नुतणीकरण झाले असे समजण्यात येईल." तोच ण! वारज्यापासून नागपूरपर्यंत तोच ण आलाय, माझ्याआधी पोचून बसलेला.

घरमालकीण समोरच बसल्या होत्या. विचारलं, हे तुम्हाला हवंय का? म्हणाल्या, "नाही बा, असं काही होतं का त्यात?" मुलाने ओळ निवडली आणि खोडली. खालचे क्रमांक आपोआप बदलले.

चिंगी
४ ऑक्टोबर, रात्री ११:१२

ते तरी आपोआप झालं!

अकरामहिने
५ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

लॉक-इनच्या तारखा तपासल्यात ना नव्या करारात?

तिसरा_मजला
५ ऑक्टोबर, सकाळी ९:०१

तपासल्या. आणि एक महिन्याची पूर्वसूचना दोन्ही बाजूंना केली, इथल्या मसुद्यात आधी फक्त आम्हाला होती. शंकासुरांचं ऐकून.

गावकुस
५ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

पण एका हत्तीचे ७,०००? त्याच्यावर वेगळा धागा काढा ताई.